डुक्कर लंगडतंय आणि एक्स-रे ‘नॉर्मल’: कूर्चेचा आजार फोटोत का सापडत नाही

तक्रार ठरलेली असते. यॉर्कशायर किंवा संकर डुक्कर, वय पाच-सहा महिने, वजन ७० ते १०० किलो. मागचे पाय ताठ, पावलं आखूड, उठायला वेळ लागतो, उठलं तरी कुत्र्यासारखं बुडावर बसून राहतं. ताप नाही, खाणंपिणं बरं. पोर्टेबल मशीन आणून गुडघ्याचा फोटो काढतात, तो ‘नॉर्मल’ येतो, आणि कॅल्शियमची बाटली सुरू होते. महिन्याभराने तेच डुक्कर, तोच पाय आणि पुन्हा तसाच साफ फोटो. दुसऱ्या एखाद्या फार्मवर याच्या नेमकं उलट घडतं: फोटोत काळा डाग दिसला म्हणून पैदाशीचा नर काढून टाकतात आणि कापल्यावर त्याचा गुडघा स्वच्छ निघतो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. ऑस्टिओकाँड्रोसिस हा वाढत्या कूर्चेचा आजार आहे आणि साध्या एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही. दिसते ती कूर्चेखालच्या हाडाची कड. पिल्लाच्या सांध्यात वरच्या चकचकीत थराखाली वाढीची जाड कूर्चा असते, तिला बारीक रक्तवाहिन्यांचा पुरवठा असतो. हाड पुढे सरकताना त्या वाहिन्या हाडाच्या हद्दीवर तुटल्या की त्यांच्या वाट्याचा कूर्चेचा तुकडा मरतो. तोवर फोटो साफच येतो. हाडाची हद्द वाढत वाढत त्या मेलेल्या तुकड्यापाशी पोचते, तिथे हाड बनणं अडतं, आजूबाजूला मात्र चालू राहतं. मग हाडाच्या कडेत खळगा उरतो. एक्स-रे पकडतो तो हा खळगा, आणि तोही किरण त्याच्या कडेला घासून गेले तरच. किरण समोरून गेले तर मागचं-पुढचं निरोगी हाड त्यावर चढतं आणि खळगा झाकला जातो.

म्हणून ‘नॉर्मल’ फोटो हातात आला की तीन गोष्टी तपासायच्या: वय, कोन आणि फोटोचा दर्जा. पण त्याआधी एक पायरी आहे, ती चुकवू नका.

मशीन आणण्याआधी

खूर धुवा. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन आठही नख्या बघा, बोटांच्या मधे बघा. तिथे फोड किंवा सोललेली कातडी असेल, तोंडावर किंवा नाकाडावर फोड असतील, तर लाळ्या-खुरकुताचा संशय धरून जनावर आहे तिथेच ठेवा आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. फोटोचा विषय तिथेच थांबतो. नखीला चीर, तळव्याला जखम किंवा खुरात पू असेल तर लंगडण्याचं कारण बहुधा तेच.

मग ताप. डुकराचं तापमान साधारण १०२.५ फॅरेनहाइटच्या आसपास असतं. १०४ च्या वर गेलं, सांधा गरम आणि फुगलेला लागला, एकाच वेळी तीन-चार डुकरं लंगडायला लागली, अंगावर चौकटीसारखे लाल उंचवटे आले, तर संसर्गाचा विचार आधी. ऑस्टिओकाँड्रोसिसमध्ये ताप नसतो आणि सूज असली तरी थोडी, गार आणि मऊ असते. मात्र मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूच्या सांधेदुखीत ताप नसूनही पाय जातो आणि वयही हेच असतं. तिथे सांध्यातलं पाणी काढून बघावं लागतं: पारदर्शक आणि तार धरणारं की पातळ आणि गढूळ. हे काम पशुवैद्यकाचंच.

वय: फोटो फार लवकर काढला जातो

अडीच-तीन महिन्यांच्या पिल्लाचा साफ फोटो म्हणजे आजार नसल्याचा पुरावा नव्हे. कूर्चा मेलेली असू शकते, हाड अजून तिथवर पोचलेलं नसतं. शिवाय या वयात हाडाची कड मुळातच ओबडधोबड असते आणि ती पाहून नसलेला आजार सांगितला जातो. दुसरी बाजू अशी, की लहान वयात दिसलेले कित्येक खळगे पुढे हाडाने भरून येतात.

पैदाशीचा निर्णय घ्यायचा असेल तर फोटो पाच-सहा महिन्यांनंतर, १०० किलोच्या आसपास काढा. नॉर्वेत पैदाशीच्या नरांची सीटी तपासणी २००८ पासून होते, तीही साधारण १२० किलो वजनाला. लंगडणाऱ्या लहान डुकराचा फोटो साफ आला तर चार ते सहा आठवड्यांनी तोच कोन, तेच अंतर, तेच आकडे ठेवून पुन्हा काढा. पहिल्या फोटोचे आकडे वहीत नसतील तर तुलना करता येत नाही.

कोन: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

डुकराचा गुडघा, म्हणजे मागच्या पायाचा वरचा सांधा, कुशीच्या कातडीत आणि चरबीत बुडालेला असतो. बाहेरून ठळक दिसतो तो टाचेचा सांधा, आणि घाईत फोटो त्याचाच निघतो किंवा किरणांचा मध्य चार बोटं खाली जातो. डोळ्याने अंदाज करू नका. मांडीच्या पुढच्या कडेने अंगठा दाबत खाली या, वाटी लागेल. वाटीखाली जाड पट्टा आणि त्याच्या टोकाला नडगीच्या हाडाचा उंचवटा लागतो. या दोहोंच्या मधे जेंशियन व्हायोलेटने खूण करा. मध्य तिथेच धरायचा.

डुक्कर झोपवल्याशिवाय हा फोटो नीट येत नाही. दोघातिघांनी धरलेलं डुक्कर ओरडतं, हिसडे देतं, आणि पोर्टेबल मशीनला लागणाऱ्या अर्ध्या सेकंदात हाडाची कड पुसट होते. खळगा काही मिलिमीटरचाच असतो, पुसट कडेत तो हरवतो. भुलीचं औषध आणि मात्रा पशुवैद्यक ठरवतील, आपण तयारी ठेवायची: आठ ते बारा तास उपाशी, वजन अंदाजाने न सांगता मोजलेलं, आणि उन्हाळ्यात काम सकाळी सहाच्या आत. अकोला-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, आणि भूल दिलेलं जनावर स्वतःहून सावलीत सरकत नाही. ओलं पोतं, पाण्याची बादली, थर्मामीटर जवळ ठेवा आणि दर दहा मिनिटांनी ताप घ्या.

गुडघ्याचे किमान तीन फोटो हवेत, आणि दोन्ही पायांचे. हा आजार बहुतेक वेळा दोन्हीकडे असतो. लंगडत नसलेल्या पायातही खळगा सापडतो, आणि मोठा खळगा असूनही डुक्कर नीट चालताना दिसू शकतं.

पहिला, मागून पुढे. डुक्कर पोटावर, मागचा पाय मागे सरळ ओढलेला, कॅसेट (फिल्मची चपटी पेटी) गुडघ्याखाली, किरण सोडणारी ट्यूब वरून सरळ. वाटी मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या दोन्ही गोळ्यांच्या बरोबर मधोमध आली पाहिजे. एका बाजूला सरकली म्हणजे पाय फिरला आहे, फोटो परत काढा.

दुसरा, तीच ठेवण, पण ट्यूब कंबरेकडून खुराच्या दिशेने १० ते १५ अंश कलवून. हाच फोटो बहुतेक जण सोडून देतात. डुक्कर उभं असतं तेव्हा त्याचा गुडघा वाकलेला असतो, त्यामुळे भार मांडीच्या हाडाच्या अगदी टोकावर न येता थोडा मागच्या बाजूला येतो. आजाराची नेहमीची जागा तीच, आतल्या बाजूच्या गोळ्याचा भार घेणारा भाग. सरळ फोटोत किरण टोकाला घासून जातात, त्या भागाला नाही. ट्यूब कलवली की तो भाग कडेवर येतो.

तिसरा, आडवा, म्हणजे डुक्कर कुशीवर. तपासायचा पाय टेबलाच्या बाजूला, दुसरा पाय दोरीने वर आणि पुढे बांधलेला. दोन्ही गोळ्यांच्या कडा एकमेकींवर बसल्या पाहिजेत. दोन कमानी वेगवेगळ्या दिसल्या तर मांडीखाली दुमडलेलं पोतं सरकवून पाय फिरवा आणि पुन्हा घ्या.

पुढच्या पायात कोपर बघायचं, तिथेही आतल्या बाजूचा गोळा. डुक्कर पोटावर, पाय पुढे ओढलेला, डोकं विरुद्ध बाजूला वळवलेलं, नाहीतर गालाची चरबी फोटोवर येते.

प्रत्येक फोटोत डावा-उजवा दाखवणारं शिशाचं अक्षर पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवा. ते नसलं की आतला गोळा कोणता आणि बाहेरचा कोणता यावरच वाद होतो.

पाय हाताने धरायचा नाही. दोरी, वाळूच्या पिशव्या आणि पोती वापरा. कुणाला थांबावंच लागलं तर शिशाचा अ‍ॅप्रन घालून, किरणांच्या वाटेपासून किमान दोन मीटर दूर. गरोदर बाई आणि पोरंसोरं शेडच्या बाहेर.

फोटोचा दर्जा: आकडे, वीज, पाणी आणि चिखल

किलोव्होल्ट, म्हणजे किरणांचा आरपार जाण्याचा जोर, ठरवायला जुना हिशेब चालतो: सांध्याची जाडी सेंटिमीटरमध्ये मोजा, दुप्पट करा, ४० मिळवा. गुडघा १४ सेंटिमीटर भरला तर ६८. जाडी दोन सपाट फळ्यांमध्ये पाय धरून मोजता येते. हा आकडा सुरुवातीचा आहे, मशीनप्रमाणे थोडा पुढे-मागे करावा लागतो. १० सेंटिमीटरच्या वर जाडी असेल तर ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावा, नाहीतर चरबीतून विखुरलेल्या किरणांनी सगळा फोटो राखाडी होतो. ग्रिड लावली की एक्सपोजर वाढवावं लागतं. पोर्टेबल मशीनचा जोर अपुरा पडत असेल तर अंतर १०० वरून ७५ सेंटिमीटरवर आणा, किरणांची तीव्रता जवळजवळ पावणेदोन पट होते आणि वेळ तेवढा कमी ठेवता येतो. पण मग दोन्ही पायांना आणि पुढच्या वेळीही ७५ च ठेवा.

शेतातल्या शेडवर फोटो फिका येण्याचं नेहमीचं कारण वीज असतं. घरापासून लांबवर ओढलेली बारीक वायर, त्यात कृषी फीडरचा कमी दाब. मशीनचा काटा बरोबर दाखवतो, पण बटण दाबलं की दाब कोसळतो. सॉकेटवर मल्टिमीटर लावून बटण दाबतानाचा दाब बघा, आधीचा नको. निदान २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्या आणि ती शक्य तितकी आखूड ठेवा. त्याच लाइनवरची मोटर बंद करा.

फिल्म हाताने धुणाऱ्यांसाठी: डेव्हलपर २० अंश सेल्सियसला धरलेला असतो. मे महिन्यात टाकीतलं पाणीच ३५ अंशांचं असतं, फिल्म धुरकट येते आणि दोष मशीनला दिला जातो. बर्फ थेट द्रावणात टाकू नका, ते पातळ होतं. बंद बाटलीत बर्फ भरून ती बाटली टाकीत सोडा आणि थर्मामीटर लावा. डिजिटल पॅनेल असेल तर सेटिंग छातीचं राहिलं नाही ना ते पाहा. गुडघ्याचं किंवा हातापायाचं सेटिंग नसेल तर सॉफ्टवेअर हाडाची बारीक कड गुळगुळीत करून टाकतं.

आणि चिखल. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे असतात. डुक्कर लोळून आलं की ते केसांत सुकतात आणि फोटोत सांध्यावर पांढरे ठिपके येतात. त्यांना सुटलेला तुकडा समजून रिपोर्ट गेला तर पुढचं सगळं चुकतं. पाय धुवा, पूर्ण कोरडा करा, ओल्या केसांच्याही रेघा उमटतात.

खरा खळगा आणि खोटा डाग

खरा खळगा भार घेणाऱ्या कडेवर असतो: आत गेलेला अर्धगोल काळा भाग, जुना असेल तर भोवती पांढरी दाट किनार. तो किमान दोन कोनांतून त्याच जागी दिसला पाहिजे. गोळा चपटा झालेला असेल किंवा सांध्यात पातळ पांढरी कपची असेल तर आजार पुढे गेला आहे, कूर्चा उचकटली आहे. मात्र कपचीत चुना साचलेला नसेल तर ती एक्स-रेत दिसत नाही. म्हणजे खळगा दिसला आणि कपची दिसली नाही, तरी कूर्चा शाबूत आहे असं म्हणता येत नाही.

आडव्या फोटोत बाहेरच्या गोळ्यावर एक काळी खाच हमखास दिसते. ती स्नायूची दोरी चिकटण्याची नैसर्गिक जागा आहे. चांगले नर बाद होण्यामागे ही खाच पुष्कळदा असते. तपासायचं सोपं आहे: मागून-पुढच्या दोन्ही फोटोंत दोन्ही गोळ्यांच्या कडा अखंड आहेत का बघा. अखंड असतील तर तो डाग बहुधा आजाराचा नाही.

वाढपट्ट्या (हाडाच्या टोकाजवळचे, हाड लांब वाढवणारे कूर्चेचे पट्टे) सगळ्याच रुंद आणि झिरझिरीत, हाडं एकूण फिकट, असं दिसलं तर ते वेगळं दुखणं: मुडदूस किंवा कॅल्शियम-फॉस्फरसचा बिघाड. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीकडे धानाच्या कोंड्यावर डुकरं वाढवतात. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. हॉटेलचं उरलेलं अन्न आणि कोंडा यावर क्षार मिश्रण न देता पाळलेल्या डुकरात हे प्रकरण खरं असतं आणि खुराक सुधारला तर फायदा होतो. ऑस्टिओकाँड्रोसिसचा खळगा एकाच जागी असतो, बाकीचं हाड दाट असतं, आणि कॅल्शियमच्या बाटलीने तो भरत नाही. दोन्ही दुखणी एकाच डुकरात असू शकतात, म्हणून रिपोर्टमध्ये वाढपट्टीबद्दल वेगळं वाक्य मागा.

संसर्गात हाड खाल्लं जातं ते सांध्याच्या दोन्ही बाजूंनी आणि वेडंवाकडं.

सोनोग्राफी: गाईची गाभण तपासणारं मशीन चालतं का?

बऱ्यापैकी चालतं. लिनियर (सरळ तोंडाचा) प्रोब आणि ७.५ मेगाहर्ट्झ किंवा वर असेल तर गुडघ्याच्या पुढच्या आणि आतल्या बाजूची कड दिसते. खोली ३ ते ४ सेंटिमीटरवर आणा. गाभणपणासाठी ती जास्त ठेवलेली असते आणि मग सांधा पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात अडकतो. केस काढा, साबण, स्पिरिट, भरपूर जेल. भार घेणारा भाग बघायचा असेल तर गुडघा पूर्ण दुमडावा लागतो, सरळ पायात तो नडगीच्या हाडाआड असतो.

कूर्चा काळ्या पट्ट्यासारखी आणि खाली हाडाची चकचकीत पांढरी रेघ दिसते. रेघ आत वळली, काळा पट्टा तिथेच जाड झाला, तर खळग्याचा संशय. इथे नेहमी होणारी चूक: प्रोब तिरका झाला की रेघ तुटल्यासारखी दिसते. प्रोब हळूच डोलवा. रेघ परत जुळली तर ती तुटलीच नव्हती. वाढत्या डुकरात काळा पट्टा मुळातच जाड असतो, म्हणून दुसऱ्या पायाशी ताडून पाहा. कोपराच्या गोळ्यासाठी सोनोग्राफीवर वेळ घालवू नका.

सीटी करायचं असेल तर

महागडा पैदाशीचा नर असेल तरच. माणसांच्या स्कॅन सेंटरशी आधी लेखी बोलणी करा, वेळ शेवटची मागा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था यांच्याकडे आधी विचारणा केलेली बरी, कुठे काय सोय आहे ते तिथूनच नीट कळेल.

सीटी करूनही ‘नॉर्मल’ येण्याचं कारण बहुधा जाड काप असतात. ५ मिलिमीटरच्या कापात ४ मिलिमीटरचा खळगा विरघळून जातो. काप १ मिलिमीटर किंवा कमी, हाडाचं रिकन्स्ट्रक्शन, आणि मांडीच्या हाडाच्या रेषेत उभे-आडवे दोन्ही छेद, हे तंत्रज्ञाला कागदावर लिहून द्या. छापलेल्या फिल्मवर भागवू नका, सीडी मागून घ्या. सीटीतही नुसती मेलेली कूर्चा दिसत नाही, हाडात खळगा झाल्यावरच दिसते. ती अवस्था एमआरआयमध्ये पकडता येते, पण गावाकडच्या व्यवहारात त्याचा उपयोग नाही.

बाहेर जाऊन आलेलं डुक्कर सरळ कळपात सोडू नका. २०२० मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवर देशात आला तेव्हापासून ही काळजी ऐच्छिक राहिलेली नाही. गाडी आणि दोऱ्या धुवा, जनावर तीस दिवस वेगळं ठेवा, त्याचं भांडं आणि माणूसही वेगळं.

फोटो दुसऱ्या डॉक्टरांना पाठवताना

खिडकीला धरलेल्या फिल्मचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर जातो तेव्हा कडेची बारीक माहिती दोनदा मरते, एकदा चकाकीत आणि एकदा दाबलेल्या फाइलमध्ये. डिजिटल असेल तर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फिल्म असेल तर व्ह्यूबॉक्सवर (फिल्म बघायच्या दिव्याच्या पेटीवर) ठेवा, खोलीत अंधार करा, फ्लॅश बंद करा आणि सांध्यापुरताच जवळून फोटो घ्या. सोबत वय, वजन, कोणता पाय, कोन, किलोव्होल्ट, अंतर आणि खुराक लिहा. चालताना मागून आणि बाजूने काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडा, कोरड्या, न घसरणाऱ्या जमिनीवरचा.

कापलेला गुडघा

फोटो वाचायला शिकण्याचा याहून स्वस्त आणि खात्रीचा मार्ग नाही. कत्तलीला जाणाऱ्या लंगड्या डुकराचा जिवंतपणी फोटो काढलेला असेल तर गुडघा मागून घ्या. वर मांडीचं हाड आणि खाली नडगी जोडलेली ठेवून अखंड काढायचा, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फात ठेवायचा. त्याच दिवशी जमलं नाही तर गोठवला तरी चालतो. पुन्हा फोटो काढा, या वेळी किलोव्होल्ट कमी लागतील आणि हवा तो कोन निवांत मिळेल. मग सांधा उघडा.

वरून कूर्चा गुळगुळीत, निळसर-पांढरी दिसू शकते आणि तरी आत आजार असतो, म्हणून वरवर पाहून थांबू नका. बोटाने दाबा: एखादी जागा मऊ लागते, सुरकुती पडते, कधी सुई घातली तर कड उचलली जाते. आता आतला गोळा हाडाच्या करवतीने पुढून मागे, ३ ते ५ मिलिमीटरच्या चकत्यांत कापा. निरोगी चकतीत पांढऱ्या कूर्चेची पट्टी सारख्या जाडीची आणि तिच्याखाली लालसर हाडाची सलग रेघ असते. आजारी चकतीत ती पांढरी पट्टी एका जागी पाचरीसारखी लाल हाडात उतरलेली दिसते, मधे पिवळसर, भुसभुशीत. चकत्या ओळीने मांडून शेजारी मोजपट्टी ठेवा, फोटो काढा आणि कानाचा नंबर घाला.

चकतीत पाचर आहे आणि जिवंतपणीच्या फोटोत काही नव्हतं, तर कलवलेल्या ट्यूबचा फोटो काढला होता का, हे आधी वहीत पाहा. तो होता आणि तरी दिसलं नाही, तर त्याच गुडघ्यावर ट्यूब ५, १०, १५, २० अंशांनी कलवून चार फोटो घ्या आणि पाचर ज्या कोनात उघडी पडते तो आकडा मशीनवर चिकटवून ठेवा. फोटोत डाग होता आणि चकती स्वच्छ निघाली, तर त्या डागाच्या जागी शिशाचा बारीक तुकडा ठेवून फोटो काढा, म्हणजे तो डाग कोणत्या नैसर्गिक खाचेचा होता ते नेमकं कळेल.